वादग्रस्त राजकीय आत्मचरित्र छापावं की नाही? प्रकाशकाच्या जबाबदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचक, लेखक आणि या धंद्यात नव्याने आलेले संपादक सतत पाठवतात. उत्तरं एका संपादकाच्या नजरेतून दिली आहेत. कायद्याचा उल्लेख आहे तिथे तो दिशा कळण्यापुरता समजावा, कारण देशागणिक कायदा बदलतो. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. प्रकाशकाने एखाद्या नेत्याचं आत्मचरित्र नाकारलं तर ती सेन्सॉरशिप होत नाही का?

सहसा नाही. सेन्सॉरशिपमध्ये सत्ता कुणालाच छापू देत नाही. एका प्रकाशकाने नकार दिला तरी लेखकाला दुसऱ्याकडे जाता येतं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदेवर हल्ला झाल्यानंतर सायमन अँड शुस्टरने सिनेटर जॉश हॉली यांच्या पुस्तकाचा करार रद्द केला. लगेचच रेग्नरीने ते पुस्तक घेतलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते दुकानांत आलं. ते आत्मचरित्र नव्हतं, पण नकारानंतर काय होतं ते त्यावरून कळतं.

पण हे उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. जिथे मोजकेच प्रकाशक आहेत आणि ते सगळे एकाच सत्तेला घाबरून आहेत, तिथे प्रत्येकाचा ‘खाजगी’ नकार मिळून बंदीच तयार होते. म्हणून नाकारणाऱ्याने कारण स्वतःपाशी तरी खरं सांगावं. भीतीपोटी नाकारलं असेल तर तिला संपादकीय निकषाचं नाव देऊ नये.

२. मग छापलं म्हणजे प्रकाशक त्या नेत्याच्या बाजूचा, असं समजायचं का?

तसंही नाही. लेखकाची मतं लेखकाचीच असतात. मात्र ‘आम्ही फक्त छापतो’ हेही मला पटत नाही. प्रकाशक मानधन देतो, भाषा घासूनपुसून देतो, मुखपृष्ठ करतो, पुस्तक दुकानात समोर मांडायला लावतो. एवढं सगळं करणारा माणूस तटस्थ कसा म्हणवणार? मुखपृष्ठावरच्या त्याच्या नावातून वाचकाला एक आश्वासन मिळतं: हे आम्ही नीट वाचलं, शक्य तितकं तपासलं आणि तुमच्या हाती देण्याजोगं मानलं. मतांशी सहमत असण्याचं आश्वासन त्यात नसतं.

३. निर्णय नेमका कशावर घ्यायचा? लेखक कोण आहे यावर की पुस्तकात काय आहे यावर?

आधी पुस्तकावर. सत्ता जवळून पाहिलेल्या माणसाची साक्ष मोलाची असते, आणि ती बहुतेक वेळा ज्यांचे हात स्वच्छ नाहीत त्यांच्याकडेच असते. फक्त सज्जनांची आत्मचरित्रं छापली तर राजकारणाचा इतिहास अर्धामुर्धाच उरेल.

मी हस्तलिखित वाचताना चार गोष्टी पाहतो. यात दुसरीकडे न मिळणारं काही आहे का? जे ठामपणे सांगितलंय ते पडताळता येतं का? ज्यांना उत्तर देण्याची संधी नाही अशा माणसांचं यात किती नुकसान होतं? आणि लेखक प्रश्नांना उत्तरं द्यायला तयार आहे का? या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक वजन देतो. भूतकाळ कितीही वाईट असला तरी कागदपत्रं समोर ठेवणाऱ्या, संपादकाचे प्रश्न ऐकून घेणाऱ्या लेखकाबरोबर काम होऊ शकतं. ‘माझा एक शब्द बदलायचा नाही’ म्हणणारा कितीही लोकप्रिय असो, त्याला नाही म्हणावं.

लेखकाच्या वर्तनाचा विचार करूच नये असं नाही. हिंसेला चिथावणी देणं चालू असेल आणि पुस्तक त्याचाच पुढचा भाग असेल, तर पुस्तक आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत.

४. आठवणी लेखकाच्या असतात. त्या खऱ्या की खोट्या हे प्रकाशकाने का पाहायचं?

कारण पुस्तक झालेली आठवण पुढे पुरावा म्हणून वापरली जाते. याचं सर्वांत मोठं उदाहरण आल्बर्ट श्पेअर. हिटलरचा हा शस्त्रास्त्रमंत्री न्यूरेंबर्ग खटल्यात झालेली वीस वर्षांची शिक्षा भोगून १९६६ मध्ये सुटला आणि १९६९ मध्ये त्याच्या आठवणी जर्मनीत प्रसिद्ध झाल्या. मजकुराला आकार द्यायला प्रकाशक वोल्फ योब्स्ट झीडलर आणि पुढे हिटलरचे चरित्रकार म्हणून गाजलेले योआखिम फेस्ट मदतीला होते. पुस्तकातून उभा राहिला तो एक सुसंस्कृत तंत्रज्ञ. ज्यूंच्या संहाराबद्दल आपल्याला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायला हवं होतं, अशी त्याची हळहळ होती. पुस्तक जगभर खपलं आणि कित्येक वर्षं ‘चांगला नाझी’ ही प्रतिमा त्यावर तगून राहिली.

मग कागद बोलू लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मातियास श्मिट या इतिहासकाराने दाखवून दिलं, की श्पेअरच्या कार्यालयाच्या रोजनिशीत नंतर फेरफार झाले होते आणि बर्लिनमधल्या ज्यूंना घरांतून हुसकावण्यात त्याच कार्यालयाचा हात होता. २००७ मध्ये त्याचं १९७१ सालचं एक पत्र उजेडात आलं. एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझन इथे संहाराबद्दल उघडपणे भाषण केलं, तेव्हा आपण हजर होतो अशी कबुली त्यात होती.

माझ्या मते हे पुस्तक छापायलाच हवं होतं. हिटलरच्या इतक्या जवळ वावरलेल्या माणसाची साक्ष कोण टाळेल? जबाबदारी चुकली ती पुढच्या टप्प्यावर. संपादनाचं सगळं कौशल्य निवेदन रसाळ करण्यात गेलं आणि कठीण प्रश्न विचारायला पुरेसं उरलं नाही. चांगलं संपादन खोट्यालाही विश्वासार्ह करतं, आणि आमच्या कामातला हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. छापायचं की नाही यावर भांडणं होतात, पण छापायचं ठरल्यावर काय केलं यावर फारसं कुणी बोलत नाही.

५. तपासणी प्रत्यक्षात कशी करतात? प्रकाशकाकडे तेवढी माणसं असतात का?

बहुतेकांकडे नसतात. अनेक मोठी प्रकाशनंही तथ्यांची जबाबदारी करारातून लेखकावर टाकतात. तरी सगळं तपासता आलं नाही म्हणून काहीच न तपासणं क्षम्य ठरत नाही. हस्तलिखितातले वजनदार दावे आधी बाजूला काढावेत, म्हणजे कुणावर आरोप करणारे, लेखकाला दोषमुक्त करणारे आणि इतिहासाचा प्रचलित समज उलटवणारे. अशा प्रत्येक दाव्यासमोर आधार लिहून घ्यावा: त्या काळातली दैनंदिनी, पत्र, बैठकीचं इतिवृत्त, वर्तमानपत्राचं कात्रण, हजर असलेला दुसरा माणूस. तारखा आणि ठिकाणं जुन्या बातम्यांशी ताडून पाहिली, की निम्म्या गडबडी तिथेच सापडतात.

अवतरणचिन्हांकडे विशेष लक्ष द्यावं. तीस वर्षांपूर्वीच्या बंद खोलीतला संवाद शब्दशः देता येत असेल, तर त्या रात्री केलेली नोंद दाखवता आली पाहिजे. नोंद नसेल तर ‘त्यांचं म्हणणं साधारण असं होतं’ असं लिहावं. एवढ्या बदलाने पुस्तकाचा रंग उडत नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडी आपली वाक्यं घालण्याचं पाप टळतं.

कागद स्वतःच खोटे असू शकतात, हेही विसरू नये. १९८३ मध्ये ‘श्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या कथित रोजनिशींसाठी नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले. वाजतगाजत घोषणा झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत जर्मन संघीय अभिलेखागाराने त्या बनावट असल्याचं सांगितलं. कागदच युद्धानंतरचा निघाला. गुप्तता राखण्याच्या नादात आणि बातमी हातची जाईल या भीतीने पुरेशी परीक्षा आधी झालीच नव्हती.

६. पुस्तकात ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांना आधी विचारावं का? विचारलं तर ते थेट कोर्टात जातील ना?

जातीलही. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्रातला भाग १९९५ मध्ये एका नियतकालिकात आला. मनेका गांधी न्यायालयात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि ती उठायला २००१ साल उजाडलं. पुस्तक २००२ मध्ये निघालं. इतकी वर्षं अडकून पडणं छोट्या प्रकाशकाला परवडणारं नाही, म्हणून ‘आधी विचारा’ असा सरसकट सल्ला मी देत नाही.

माझी पद्धत अशी. गंभीर आणि नवा आरोप असेल, तर संबंधिताची बाजू लेखकाने कधी ऐकली होती का, ती कुठे छापून आली आहे का, हे पाहावं आणि असेल तर ती मजकुरात यावी. सत्तेवरच्या माणसापेक्षा सामान्य माणसाच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. नेत्याला उत्तर द्यायला माईक असतो. त्याच्या आत्मचरित्रात आलेली जुनी सेक्रेटरी, घटस्फोटित पत्नी, आजारी भाऊ यांच्यापाशी तो नसतो. त्यांचे आजार, नाती, कर्जं यांचा लेखकाच्या सार्वजनिक आयुष्याशी संबंध नसेल तर तो मजकूर काढावा, मग वकील ‘चालेल’ म्हणाला तरीही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सांगितलं, की बदनामीच्या भीतीने सरकार किंवा अधिकारी प्रकाशनाआधीच मनाई करू शकत नाहीत आणि सार्वजनिक अभिलेखातली माहिती छापण्याला खाजगीपणाचा अडसर सहसा येत नाही. पीडितांच्या ओळखीसारखे अपवाद तिथेही ठेवले आहेत. ते प्रकरणही एका आत्मचरित्राचंच होतं, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या.

७. पुस्तक दुसऱ्याने लिहून दिलं असेल तर जबाबदार कोण?

तिघेही: नेता, लिहून देणारा शब्दांकनकार आणि प्रकाशक. राजकीय आत्मचरित्रांत शब्दांकन नेहमीचंच आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शब्दांकनकाराचं नाव छापावं आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं जपून ठेवावीत. पुढे ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणून लेखकाने हात झटकले, तर तोच एक आधार उरतो.

८. सरकारी गुपितं असतील तर? परवानगी घेण्याची जबाबदारी लेखकाची की आमची?

पदामुळे परवानगीचं बंधन असेल तर ते लेखकावर असतं, पण फटका प्रकाशकालाही बसतो. फ्रँक स्नेप हे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे माजी अधिकारी. त्यांनी १९७७ मध्ये व्हिएतनाममधल्या शेवटच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि आधी तपासणीला दिलं नाही. त्यात गोपनीय माहिती असल्याचा दावा सरकारने खटल्यात केलाच नव्हता, तरी १९८० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाची सगळी कमाई सरकारजमा केली. करार मोडला, एवढं कारण पुरलं.

अमेरिकेचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांच्या पुस्तकाच्या वेळी, जून २०२० मध्ये, न्यायाधीशांनी लेखकाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, पण मनाई नाकारली. दोन लाखांहून अधिक प्रती आधीच रवाना झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये ‘स्पायकॅचर’चंही तसंच झालं. एमआय ५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेचे माजी अधिकारी पीटर राइट यांच्या या आठवणी रोखायला सरकारने ऑस्ट्रेलियापर्यंत धाव घेतली. पुस्तक जगभर मिळू लागल्यावर १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कायमची मनाई द्यायला नकार दिला. बंदीच्या गाजावाजाने खप मात्र वाढला.

भारतात माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या आठवणी २०२४ च्या सुरुवातीला येणार होत्या. काही भाग बातम्यांत झळकल्यावर त्या तपासणीत अडकल्या.

प्रकाशकाने लेखकाला पहिल्याच भेटीत विचारावं: तुम्ही कशावर सही केली आहे, तो कागद दाखवा. तपासणी महिनोन्महिने लांबू शकते, म्हणून परवानगीपूर्वी प्रकाशनाची तारीख जाहीर करू नये. सरकारने मागितलेली प्रत्येक काटछाट निमूट मान्य करावी असंही नाही. जिवंत माणसांचे जीव किंवा चालू मोहीम धोक्यात येत असेल तर गोपनीयता खरी. कुणाची तरी नामुष्की झाकायची असेल तर कारण लेखी मागावं.

९. वादाची पानं काढून उरलेलं छापणं, हा मधला मार्ग चांगला नाही का?

कधी कधी चांगला असतो, पण काढल्याचं सांगावं लागतं. मौलाना आझादांचं आत्मकथन १९५९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलं. त्यातली सुमारे तीस पानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार इथे मोहोरबंद ठेवली होती. संपूर्ण आवृत्ती १९८८ मध्ये निघाली. या व्यवस्थेची वाचकाला कल्पना होती, मुदत ठरलेली होती आणि मूळ मजकूर सुरक्षित होता. तिन्ही अटी पाळल्या म्हणून तो प्रामाणिक मार्ग ठरला.

याउलट नेहरूंचे एकेकाळचे खाजगी सहायक एम. ओ. मथाई यांचं नेहरूकाळावरचं पुस्तक. १९७८ च्या त्या पुस्तकात एका प्रकरणाचं नाव आहे, मजकूर नाही. लेखकाने ते शेवटच्या क्षणी मागे घेतल्याची टीप तेवढी प्रकाशकाने छापली, वर मजकूर कसा होता याची सूचक खूणही दिली. तेव्हापासून त्या रिकाम्या जागेत लोक हवं ते भरत आले आणि ज्या स्त्रीकडे बोट दाखवलं गेलं तिला खोडायला हाती काहीच नव्हतं. आरोप न करताही आरोपाचं काम असं साधतं. एकतर छापावं, नाहीतर पूर्ण काढावं.

१०. आमचेच कर्मचारी म्हणतात, या माणसाचं पुस्तक करणार नाही. ऐकावं का?

ऐकून जरूर घ्यावं. हस्तलिखितातली मेख बऱ्याचदा त्यांच्याच लक्षात येते, विशेषतः लेखकाच्या धोरणाची झळ ज्यांच्या घरापर्यंत पोचली आहे त्यांच्या. २०२१ मध्ये अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांच्या आत्मचरित्राविरुद्ध सायमन अँड शुस्टरच्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी निवेदन दिलं. व्यवस्थापनाने करार कायम ठेवला आणि पुस्तक २०२२ मध्ये आलं. तोच निर्णय मला योग्य वाटतो. ज्याला हे काम सद्‌सद्विवेकाला पटत नाही त्याला दुसरं पुस्तक द्यावं, आणि त्याची नोंद त्याच्या बढतीआड येऊ देऊ नये.

११. करार झाल्यानंतर माघार घेता येते का?

करारात वाट ठेवली असेल तर येते: अंतिम हस्तलिखित नाकारण्याचा हक्क, लेखकाच्या हमीचा भंग किंवा वर्तनाचं कलम. हे कलम मात्र जपून लिहावं. ‘लोकांत नाराजी पसरल्यास’ इतकं मोघम लिहिलं, तर कुठलीही संघटित मोहीम तुमचा करार मोडू शकते.

माघारीहून सौम्य पायऱ्याही आहेत. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांचं कोविडकाळातल्या नेतृत्वावरचं पुस्तक २०२० मध्ये, साथ चालू असतानाच निघालं. शुश्रूषागृहांतल्या मृत्यूंच्या आकड्यांची चौकशी लागल्यावर मार्च २०२१ मध्ये क्राउन प्रकाशनाने जाहिरात थांबवली. पुस्तक मागे घेतलं नाही. माझ्या मते खरी चूक आधीची होती: पदावर असलेल्या, साथीशी अजून झुंजणाऱ्या माणसाचं यशोगान इतक्या घाईने छापायलाच नको होतं.

१२. म्हणजे पदावर असलेल्या नेत्याचं किंवा निवडणुकीच्या तोंडावर पुस्तक घेऊच नये?

घ्यावं, पण ते प्रचारपत्रक आहे असं धरूनच वाचावं. प्रती कोण विकत घेतंय हे पाहावं. पक्षाने किंवा सरकारी खात्याने घाऊक खरेदी ठरवली असेल, तर प्रकाशक मानधनाच्या नावाखाली पैसे पोचवणारा मध्यस्थ ठरू शकतो. तपासणी प्रश्न ५ प्रमाणेच, फक्त अधिक कडक.

१३. ज्याने लोकांचं नुकसान केलं त्याला मानधन देणं योग्य आहे का?

इथे माझं मत डळमळतं. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २०१० मध्ये आपल्या आठवणींची आगाऊ रक्कम आणि पुढचं मानधन माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजनला देऊन टाकलं. काहींनी स्वागत केलं, इराक युद्धात मुलं गमावलेल्या काही आईवडिलांना तो अपराधीपणाचा पैसा वाटला. दानाने पुस्तकावरचे प्रश्न संपत नाहीत. तरी साक्ष मिळवणं आणि गुन्ह्याचं भांडवल करू देणं यांत फरक करावाच लागतो. गुन्हा सिद्ध झाला असेल तर मोठी आगाऊ रक्कम देऊ नये, असं मी म्हणेन.

१४. मूळ मजकूर तसाच ठेवून टीपा जोडल्या तर?

ऐतिहासिक दस्तऐवजासाठी हा उत्तम मार्ग. हिटलरच्या ‘माइन काम्फ’ या आत्मचरित्राचे हक्क २०१५ अखेर संपले, त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने दोन खंडांची चिकित्सक आवृत्ती काढली. साडेतीन हजारांहून अधिक टीपा मूळ मजकुराला चहूबाजूंनी घेरून आहेत, त्यामुळे खोटं वाक्य वाचतानाच त्याचं खंडन समोर येतं. हयात लेखक असं सहसा मान्य करणार नाही. त्याच्या बाबतीत प्रश्न ५ मधलं काम आधीच करावं लागतं. निव्वळ ‘मतं लेखकाची आहेत’ एवढी ओळ घालून जबाबदारी टळत नाही.

१५. लेखक वारला आहे आणि कुटुंबाला मजकूर बदलून हवा आहे. काय करावं?

मूळ प्रत अभिलेखागारात ठेवण्याची अट घालावी आणि बदल संपादकीय टिपणात नोंदवावेत (प्रश्न ९ मधल्या तीन अटी इथेही लागू). उलट, सरकारच अडवत असेल तर काळ मदतीला येतो. ब्रिटिश मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांची मंत्रिमंडळातली रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर छापायला निघाली, तेव्हा सरकारने मनाई मागितली. १९७५ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. मंत्रिमंडळातली गोपनीयता तत्त्वतः मानली, पण दहाएक वर्षांपूर्वीच्या चर्चांनी आता काही बिघडणार नाही असं म्हटलं.

१६. प्रकाशनाआधीच कुणी मजकूर फोडला आणि ‘जनहितासाठी’ छापला तर?

जनहित म्हटल्याने सगळं माफ होत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या आठवणींतले तीनचारशे शब्द ‘द नेशन’ या नियतकालिकाने आधीच छापले. १९८५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला, कारण निक्सनना दिलेल्या माफीबद्दलचा, पुस्तकाचा गाभाच त्यांनी उचलला होता. तथ्यं कुणालाही सांगता येतात, लेखकाची शब्दरचना उचलता येत नाही.

१७. छापल्यावर चूक सापडली तर पुस्तक मागे घ्यायचं का?

चुकीच्या आकारावर अवलंबून. तारीख चुकली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आणि ई-पुस्तकात तारखेसह नोंद. निरपराधावर खोटा आरोप झाला असेल तर विक्री लगेच थांबवावी, जाहीर दुरुस्ती द्यावी आणि त्या व्यक्तीला स्वतः कळवावं. गुपचूप दुरुस्ती करू नये. जुन्या प्रती ग्रंथालयांत असतातच, आणि कुठली प्रत खरी हे पुढच्या अभ्यासकाला कळलं पाहिजे.

१८. आम्ही नाकारलेल्या हस्तलिखितात एका न उघडकीला आलेल्या गुन्ह्याची कबुली होती. आता काय?

हा प्रश्न क्वचित येतो, पण येतो तेव्हा झोप उडवतो. विश्वासाने वाचायला दिलेला मजकूर पत्रकाराला देऊ नये, समाजमाध्यमांवर टाकू नये, मेजवानीत किस्सा म्हणून सांगू नये. प्रत कुणी कुणी वाचली याची यादी करावी आणि ती एका ठिकाणी बंद करावी. मग लेखकाला विचारावं: हे खरं आहे का, आणि ते कुठे सांगायची तुमची तयारी आहे का? कुणाचा जीव आज धोक्यात असेल, कुणी निरपराध त्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असेल, किंवा मूल गुंतलेलं असेल, तर गोपनीयतेचा विश्वास मागे पडतो. अशा वेळी त्याच दिवशी वकिलाकडे जावं, कारण काही गुन्ह्यांची माहिती असूनही ती न कळवणं अनेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे.